डोंगरवार वकील

डोंगरवार वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते झाडाला मारत होते.

गोंदियात कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं कौलारू घर होतं. पुढं पडवी, पडवीसमोर एक जुना कडुनिंब. काळा कोट खांबाच्या खुंटीला लटकवलेला, धोतराचा काचा मारलेला, आणि पन्नाशीकडे झुकलेला रुंद छातीचा एक माणूस त्या निंबाच्या बुंध्यावर मुठी हाणत होता. तोंडातून शब्द नाही. नुसता धप धप आवाज आणि नाकातून सुटणारा श्वास. बुंध्याची साल छातीच्या उंचीवर गुळगुळीत होऊन गेली होती. पडवीत त्यांचा मुन्शी बाबूलाल दऊत-टाक घेऊन शांत बसला होता. मला फाटकातच थबकलेली पाहून तो म्हणाला, "आइए बाईजी, बैठिए. साहब का अभी हो जाएगा."

थोड्या वेळानं झालं. रांजणातलं पाणी त्यांनी मुठींवर ओतलं, कोट अंगात घातला आणि मला पहिलाच प्रश्न केला, "कोनाले मारलं? तुमाले का दुसऱ्या कोनाले?"

त्या सकाळी त्यांच्याकडे काय आलं होतं ते मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं. कुण्या सासऱ्यानं सुनेच्या पायांवर उकळती पेज ओतली होती, आणि वकील त्या सासऱ्यालाच हवा होता. त्याला त्यांनी पायरीवरून ढकलून दिला आणि मग निंबाकडे गेले. गल्लीतल्या लोकांना याचं काहीच वाटत नसे. "वकीलसाहेब झाडासंगं भांडून राहिले," एवढंच म्हणत आणि आपल्या कामाला लागत.

मी तेव्हा गोंदियाच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नानंतर लवकरच विधवा झाले, भंडाऱ्याला शिकून मास्तरीण झाले आणि मुर्रीला वडिलांच्या घरी राहून रोज शाळेत पायी येत होते. मला एकच धाकटी बहीण, यमुना. तिला बोदलकसा तलावाच्या खालच्या अंगाला एका गावात दिली होती. धानाची चांगली ओलिताची जमीन, घरात दोघे भाऊ. थोरला भिवाजी, धाकटा डोमाजी. डोमाजी आमचा जावई. तो दारू पीत नव्हता, जुगार खेळत नव्हता. तो फक्त मारत होता. भात करपला म्हणून, गोठ्याचं दार उघडं राहिलं म्हणून, ती हसली म्हणून. यमुना दोनदा माहेरी पळून आली. एकदा तिचं बोट मोडलेलं होतं, एकदा कानाची पाळी फाटलेली. दोन्ही वेळा वडिलांनी तिला परत नेऊन घातली. मग वडील वारले, आणि तिनं येणंच सोडलं.

धान कापणीच्या दिवसांत निरोप आला की डोमाजी मेला, आणि पोलिसांनी यमुनेला आणि तिच्या किसनाला धरून नेलं. किसना तिचा एकुलता मुलगा. अकरा वर्षांचा.

झालं होतं ते असं. म्हैस सुटून दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत शिरली. डोमाजीनं यमुनेला अंगणात पाडली आणि तिचा गळा धरला. थोड्या वेळानं शेजारी धावले तेव्हा डोमाजी पालथा पडला होता, डोकं मागून फुटलं होतं, शेजारी लोखंडी कड्याचं मुसळ होतं, आणि मायलेक एकमेकांना धरून बसले होते. पोलिसांना यमुना म्हणाली, "मी मारलं." किसना काहीच बोलला नाही. भिवाजीनं जबानी दिली की दोघांनी मिळून मारलं, आधीपासून ठरवून मारलं. यमुना फासावर आणि पोरगा कैदेत गेला की सगळी जमीन भिवाजीचीच होती.

मी वकील शोधायला निघाले. त्या काळी विधवा बाईनं वकिलांच्या पायऱ्या चढणं म्हणजे रस्त्यातल्या प्रत्येकाला बोलायला विषय होता. पण घरात दुसरं कुणी नव्हतंच. पहिले वकील गोंदियातले, मोठ्या नावाचे. त्यांनी मला उभंच ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "बाईनं कबूल केलंच आहे ना? मग कबुलीवर राहू द्या. पोरगा सुटेल." दुसरे भंडाऱ्याचे. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "उलट करा. सगळं पोराच्या अंगावर घाला. इतक्या लहान पोराला फाशी होत नाही. आई सुटेल." मी विचारलं, "आणि त्याचं काय होईल?" ते म्हणाले, "कुठंतरी ठेवतील. मोठा झाला की येईल बाहेर."

तुरुंगात यमुनेला भेटले. तिच्या गळ्यावरचे वळ आता पिवळे पडले होते. ती गजाआडून म्हणाली, "बाई, तू काही करू नको. मी मारलं म्हणून सांगते, मले जाऊ दे. पोट्ट्याले सांभाळ." किसनाला मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवलंय असं शिपाई म्हणाला. पण मी पाहिला तेव्हा त्याचा खालचा ओठ फुटलेला होता आणि तो माझ्याकडे पाहतच नव्हता.

मुर्रीतच एक बाई होती. तिच्या नवऱ्यानं तिला जाळायला घेतली होती आणि ती त्यातून वाचली होती. तिनं मला डोंगरवारांचं नाव सांगितलं. "लोक त्याच्याकडं जात नाहीत," ती म्हणाली. "तडजोड करून देत नाही. आपल्याच माणसाच्या अंगावर धावते. मारकुटा आहे जी. पण आयकून घेते."

तर असे ते. त्या सकाळी मला उजव्या बाजूला बसा म्हणाले. डावा कान बंद होता. त्यांच्या बापानं लहानपणी एक थोबाडीत दिली होती त्यात तो कान गेला, हे ते कुणालाही सांगत, जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं तसं. ते अर्जुनी मोरगावकडचे, तलावाखालच्या धानशेतीतल्या घरातले. कोर्टात समोरचा वकील लांबण लावू लागला की ते खुर्ची अशी फिरवत की डावा कान त्याच्याकडे होई. न्यायाधीशांनासुद्धा हे ठाऊक होतं.

मी सगळं सांगितलं. दोन वकिलांनी काय सल्ले दिले तेही.

"म्हणजे एकाले मायले लटकवायचं आहे अना दुसऱ्याले पोट्ट्याले," ते म्हणाले. "झालं काय, हे कोनी इचारलं?"

"मी सांगते ना. डोमाजीनं…"

"तुमी तिथं होत्या का?"

"नाही."

"मंग तुमी कायले सांगून राहिल्या? जे होते त्यायले आना माह्यासमोर."

"ते तुरुंगात आहेत," मी म्हणाले. मला राग आला होता.

त्यांनी दोन बोटं वर केली. "एक बाई. एक अकरा वर्षांचं पोरगं. जामीन कोनी मागितलाच नाही?"

"खुनात जामीन होत नाही म्हणाले."

"बाईले होते. सोळा वर्षांच्या आतल्या लेकराले होते. द्यायचा का नाही ते जज्जाच्या हाती, पन मागाले तर पाहिजे!" आणि ते उठून पुन्हा निंबाकडे निघाले. बाबूलालनं त्यांच्या कोटाचं टोक धरलं आणि म्हणाला, "साहब, पहले दरखास्त लिखवा दीजिए, बाद में."

जामीन झाला. भंडाऱ्याच्या सेशन जज्जापुढे ते बोलले तेव्हा मी मागच्या बाकावर होते. त्यांनी कायदा थोडा सांगितला, आणि मग किसनाला पुढं उभं करून फक्त त्याचा ओठ दाखवला. "हे पोलिसांच्या ताब्यात आल्यावरचं आहे, साहेब. घरचं नाही." एवढंच.

यमुना आणि किसना मुर्रीला आले. किसना जेवत होता, झोपत होता, बोलत मात्र नव्हता. त्याच्या मायनं त्याला बजावून ठेवलं होतं, तू काहीच पाहिलं नाही. डोंगरवारांनी यमुनेला दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा सांगितलं की मुसळ तिनंच मारलं.

"तू खाली पडली होती. तो छातीवर होता. मागून त्याचं डोकं फुटलं. तुले पाठीमागं हात आहेत का?" ते ओरडले. ती नुसती रडली. "कोर्टाले खोटं सांगितलं तर कोर्ट खोट्याचाच न्याय करते," ते म्हणाले. हे वाक्य त्यांचं नेहमीचं. दुसरं त्याहून नेहमीचं: "जे झालं ते." अशील काही रंगवून सांगू लागला की ते टेबलावर बोट आपटत आणि एवढंच म्हणत, "जे झालं ते. जे व्हाले पाहिजे होतं ते नको."

पेच असा होता की डोमाजीच्या डोक्यावर दोन घाव होते. एक घाव आईला वाचवण्यासाठी, हे कोर्ट मानेल. दुसऱ्या घावाचं काय? सरकारी वकील म्हणणार, पहिल्यानं माणूस पडला, दुसरा सूड म्हणून घातला. याचं उत्तर किसनाशिवाय कुणाकडे नव्हतं.

एका दुपारी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. यमुनेला आत आपल्या बायकोकडे पाठवलं. किसनाला पडवीत बसवलं, पुढं मुरमुरे आणि गूळ ठेवला. मला म्हणाले, "तुमी दारात बसा. उठायचं नाही. काही झालं तरी."

किसना मुरमुरे खात होता. बाबूलाल समोर टाक पुसत होता. त्याची काठी नेहमीसारखी खांबाला टेकून होती. डोंगरवार कोट काढून कोर्टातल्या कुठल्याशा गोष्टी बोलत होते, आणि बोलता बोलता एकदम बाबूलालवर धावून गेले. त्याला खाली पाडला, छातीवर गुडघा दिला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला.

ते नाटक नव्हतं. निदान मला ते नाटक दिसलं नाही. बाबूलालचे डोळे बाहेर आले, पाय जमिनीवर घासायला लागले, घशातून घरघर निघाली. मी ओरडले. किसनाच्या हातातले मुरमुरे सांडले. तो उठला, भिंतीला चिकटला, आणि मग मी त्याचा आवाज कित्येक दिवसांनी ऐकला, "सोड! सोड ना! सोड!"

डोंगरवारांनी सोडलं नाही.

किसनानं खांबाची काठी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्यावर हाणली. मला वाटलं, आता सोडतील. त्यांच्या तोंडातून हुंकार निघाला, पण हात गळ्यावरून हलले नाहीत. बाबूलालचा चेहरा काळानिळा पडत होता. किसनानं पुन्हा काठी उगारली आणि आणखी जोरात मारली. काहीतरी कट्‌कन मोडल्याचा आवाज आला. डोंगरवार एका अंगावर कोसळले.

किसना काठी घेऊन उभा होता. बाबूलाल खोकत होता. डोंगरवार जमिनीवर पडल्या पडल्या, खांदा धरून, दुखण्यानं दात आवळून विचारते झाले, "दोनदा काऊन मारलं रे?"

"सोडलं नाही म्हणून," किसना म्हणाला.

"आता तिसऱ्यांदा काऊन नाही मारलं?"

"सोडलं ना."

"तिथंबी असंच झालं?"

पोरानं मान हलवली आणि काठी टाकून तो असा रडायला लागला की यमुना आतून धावत आली.

मी त्या दिवशी डोंगरवारांना वाटेल ते बोलले. लेकराला कुणी असं पुन्हा त्या अंगणात नेऊन उभं करतं का, असं मी विचारलं. ते भिंतीला टेकून बसले होते, गळपट्टीचं हाड मोडलं होतं, चेहरा पांढरा पडला होता. म्हणाले, "कोर्ट त्याले तिथंच नेनार आहे, मास्तरीणबाई. सगळ्या लोकायसमोर. पहिल्यांदा माह्या घरी गेला तर बरं." मग आपल्या हातांकडे पाहत हळू म्हणाले, "गळा धराले मले शिकावं नाही लागलं. घरीच शिकलो." बाबूलालला त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं आणि त्यानं होकार दिला होता. तरी नंतर पुष्कळ दिवस तो त्यांच्या हाताच्या अंतरात बसत नसे.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. हळद लावून फडक्यानं खांदा बांधताना त्या मला म्हणाल्या, "माझ्यावर कधी हात टाकला नाही जी यायनं. खरंच सांगते. पण घरात भांडं पडलं तरी माझं अंग आकसते. हे त्यायले ठाऊक आहे. म्हणून तर ते बाहेर झाडाकडं जाते."

सेशन कोर्टात ते हात गळ्यात बांधूनच उभे राहिले. जज्जांनी विचारलं, "वकीलसाहेब, हाताला काय झालं?" सगळं कोर्ट ऐकत होतं. ते म्हणाले, "त्याबद्दल मला इथं बोलता येणार नाही, साहेब." पडलो असं म्हणाले असते तर विषय संपला असता, पण ते म्हणाले नाहीत.

भिवाजीनं साक्षीत किसनाचं वय चौदा सांगितलं. मी उभी राहून सांगितलं की या पोराची नाळ माझ्यासमोर कापली, त्या वर्षी मी मास्तरीण झाले. दवाखान्याच्या डॉक्टरांना डोंगरवारांनी एकच गोष्ट फिरून फिरून विचारली: अटकेच्या दिवशी बाईच्या गळ्यावर काय होतं? बोटांचे वळ. किती खोल? गिळता येत नव्हतं इतके. मग हे पोलिसांच्या कागदात का नाही? डॉक्टर म्हणाले, मला कुणी विचारलं नाही.

यमुनेनं आपला आधीचा कबुलीजबाब फिरवला. तिला ते फार जड गेलं. पोराकडे न पाहता ती म्हणाली, "मी नाही मारलं. मले तर दिसतच नव्हतं, डोळ्यासमोर अंधार झाला होता." आणि मग जज्जांनी किसनाला विचारलं, "बाळ, तू पहिल्यांदा मारलंस ते समजलं. दुसऱ्यांदा का मारलंस?"

"सोडलं नाही म्हणून."

जज्ज लिहायचे थांबले. मी डोंगरवारांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

जज्जांना सल्ला द्यायला असेसर म्हणून बसलेल्या गावच्या प्रतिष्ठित मंडळींचं मत पडलं की दोघंही दोषी. नवऱ्यावर, बापावर हात उचललाच कसा. जज्जांनी ते मानलं नाही. आईचा जीव जात असताना पोरानं तो वाचवला, यात गुन्हा नाही असं म्हणून त्यांनी दोघांना सोडलं.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण भिवाजी थांबणारा नव्हता. त्यानं अर्ज केला की पोराचा आणि त्याच्या जमिनीचा पालक म्हणून आपल्याला नेमावं. आई बदनाम आहे, तिच्या हाती लेकरू सुरक्षित नाही. डोंगरवारांनी तोही दावा लढवला. बाप मेल्यावर लेकराची पालक माय असते, मधे काका कुठून आला, हे त्यांनी इतक्या सोप्या भाषेत मांडलं की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या बायांनाही समजलं. तोही निकाल यमुनेच्या बाजूनं लागला.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो होतो, पाया पडायला. किसना फाटकापाशी उभा होता. भिवाजी दोन माणसं आणि बैलांचं खाचर घेऊन आला आणि त्यानं पोराचा दंड धरून ओढायला सुरुवात केली. यमुनेनं पोराची कंबर धरली. एका माणसानं तिच्या हातावर लाथ मारली. बाबूलाल काठी घेऊन धावला, शेजारचे धावले, तशी ती दोन माणसं पळाली. भिवाजीनंही पोराला सोडलं. सोडलं, हात झटकले, आणि फाटकाबाहेर पडला. जाता जाता वळून म्हणाला, "ठेवा तुमीच. बापाले खाल्लन ह्यानं. उद्या तुमचाच गळा धरते का नाही पाहा."

आणि तो पाठ फिरवून चालू लागला.

डोंगरवार पायऱ्या उतरून कसे गेले ते मला कळलं नाही. त्यांनी त्याला मागून मानेला धरून पाडलं आणि मारलं. मुठीनं, तोंडावर, डोळ्यांवर. भिवाजीनं पहिल्या दोन ठोशांनंतर हातसुद्धा वर केले नाहीत. त्याचा जबडा लटकला, दात मातीत पडले. चार माणसांनी मिळून त्यांना ओढून काढलं. पडवीच्या खांबामागे वहिनी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या, आणि किसना हे सगळं उघड्या डोळ्यांनी पाहत होता.

भिवाजी जगला. एका डोळ्यानं त्याला पुढं कधी दिसलं नाही.

डोंगरवारांवर फौजदारी झाली. गोंदियाचे बाकीचे वकील, जे त्यांना नावं ठेवत, तेच आता धावून आले. सोपं आहे, म्हणाले. भिवाजीनं पोराला धरलंच होतं, ओढत होता, सोडवताना मारामारी झाली. सगळी गल्ली तशीच साक्ष देईल. माझं मुख्य साक्षीदार म्हणून नाव घातलं. वहिनी माझ्याकडे मुर्रीला चालत आल्या. त्यांनी मला हात जोडले, "मास्तरीणबाई, एक वाक्य आहे जी. 'सोडलं नव्हतं' एवढंच म्हणायचं. खोटं तर खोटं. तुमच्या बहिणीसाठी त्यायनं हाड मोडून घेतलं."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ती वेळ आलीच नाही. कचेरीत माझ्या नावाचा पुकारा व्हायच्या आधीच आरोपीच्या पिंजऱ्यातून डोंगरवार बोलायला लागले. त्यांच्या वकिलानं खाली बसा म्हणून खूण केली, त्यांनी त्याच्याकडे डावा कान केला.

"साहेब, साक्षीदार नको," ते म्हणाले. "भिवाजीनं पोराले सोडलं होतं. तो पाठ करून जाऊन राहिला होता. मंग मी मारलं. त्याच्या बोलन्याचा राग आला म्हणून मारलं. जे झालं ते हे आहे."

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "तुम्हाला याचा परिणाम कळतो ना?"

"सोडल्यावर मारनं गुन्हा आहे, साहेब. हे मी याच जिल्ह्याच्या कोर्टात सांगून एक पोरगं सोडवलं. आता माह्यासाठी दुसरा कायदा कसा मांगू?"

वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "हे मले आधीच ठाऊक होतं," आणि उठून घरी गेल्या.

डोंगरवारांना कैद झाली, वकिलीची सनद गेली. गोंदियाचं घर रिकामं झालं, वहिनी अर्जुनीला गेल्या. बाबूलालनं दुसऱ्या वकिलाकडे काम धरलं. यमुना आमच्याकडेच राहिली, जमीन अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, अर्धेलीनं लावली, किसना माझ्या देखरेखीखाली शिकला. भिवाजी पुन्हा आमच्या वाटेला आला नाही.

तुरुंगातून सुटल्यावर डोंगरवार गावी शेती करतात एवढं कानावर येई. कुणी म्हणे, वहिनी त्यांच्याशी बोलत नाहीत. कुणी म्हणे, दोघं एकत्र धानाची रोवणी करतात. अर्जुनीकडच्या बाया अजूनही त्यांच्या बांधावर जाऊन बसत म्हणे, कुठला वकील धरावा ते विचारायला.

मग एकदा, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, गोंदियाच्या स्टेशनवर ते मला दिसले. चांद्याकडे जाणारी छोटी गाडी उभी होती आणि ते खिडकीशी बसले होते. डोक्यावरचे केस गेलेले, अंगात कोट नाही, साधी बंडी. माझ्याबरोबर किसना होता, आता मिसरूड फुटलेला, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी त्याला पुढं केलं. त्यानं खिडकीतून हात घालून त्यांच्या पायाला शिवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग हातच धरला.

डोंगरवारांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तब्येत, शाळा, आई, काहीच विचारलं नाही.

"हात उचलते का रे कोनावर?"

"नाही जी."

"वाटते का पन?"

किसनानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाटते."

"खरं बोलला," ते म्हणाले. "वाटनारच. मलेबी वाटते. अजून वाटते."

मी वहिनींचं विचारलं. "आहे," म्हणाले. "बरी आहे." आणखी काही म्हणणार होते, पण इंजिनानं शिट्टी दिली. डब्यात गर्दी होती, धानाची पोती, कोंबड्या, बायका. त्यांच्या समोरच्या बाकावर एका माणसाच्या मांडीवर लहान पोरगं किरकिरत होतं. त्या माणसानं त्याच्या तोंडावर एक फटका दिला. पोरगं क्षणभर गप्प झालं आणि मग कळवळून रडायला लागलं. त्या माणसानं पुन्हा हात वर केला.

गाडी हलली. आम्ही दोघं खिडकीबरोबर चार पावलं चाललो. ते आता आमच्याकडे पाहत नव्हते. खिडकीची दांडी धरून, त्या माणसावर नजर ठेवून, ते हळूहळू उठून उभे राहत होते.